हाताने घडलेला हातमोजा

खेळाच्या साहित्याकडे बारकाईने पाहिले तर त्यात दोन जाती आढळतात. काही वस्तू खेळाच्या असतात, तर काही खेळाडूच्या. चेंडू हा खेळाचा असतो. तो आज एकाच्या हाती, उद्या दुसऱ्याच्या, आणि झिजला की टाकून द्यावयाचा. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात तर व्यावसायिक संघांच्या एकाच सामन्यात डझनावारी चेंडू बदलले जातात. लाकडी बॅटही फार दिवसांची सोबतीण नव्हे. वेगाने आलेल्या चेंडूवर ती दुभंगते आणि खेळाडू निर्विकारपणे दुसरी उचलतो. परंतु त्याच खेळाडूच्या हातातला चामड्याचा मोजा हरवला तर त्याला चैन पडत नाही. त्याच मापाचा, त्याच बनावटीचा दुसरा मोजा दुकानात मिळत असतो, पण तो त्याचा नसतो.

हे ममत्व कोठून येते, आणि त्यातही अमेरिकेतच हाताने घडविलेल्या मोज्यासाठी काही लोक इतरांच्या दहापट किंमत का मोजतात, हा प्रश्न केवळ क्रीडारसिकांचा नाही. यंत्रयुगात आणि जगभर पसरलेल्या व्यापारात हस्तकौशल्याला कोणती जागा उरते, या मोठ्या प्रश्नाचे ते एक लहानसे रूप आहे.

क्रिकेटचा परिचय असलेल्या माणसाला बेसबॉलचा हातमोजा प्रथमदर्शनी काहीसा चमत्कारिक वाटतो. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाखेरीज कोणाही क्षेत्ररक्षकास हातमोजे घालण्याची मुभा नाही. उघड्या हाताने झेल घेणे हाच तेथे क्षेत्ररक्षकाचा कस असतो. बेसबॉलमध्ये नेमके याच्या उलट आहे. क्षेत्ररक्षण करणारे नऊच्या नऊ खेळाडू एका हातात मोजा घालतात. उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या डाव्या हातात तो असतो आणि डावखुऱ्याच्या उजव्या. बेसबॉलचा चेंडू वजनाला पाच ते सव्वापाच औंस, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून किंचित हलका असतो. पण क्रिकेटमधील फेक बहुधा यष्टिरक्षकाकडे जाते, तर बेसबॉलमध्ये एका खेळाडूने उचललेला चेंडू दुसऱ्याकडे जिवाच्या आकांताने फेकावयाचा आणि त्याने तो धावणारा प्रतिस्पर्धी पोहोचण्यापूर्वी बिनचूक धरावयाचा, यावरच फलंदाज बाद होणे न होणे अवलंबून असते. एका डावात असे प्रसंग पुनःपुन्हा येतात. तेव्हा हात वाचविण्याची गरज कोणालाही पटण्यासारखी आहे. आश्चर्य आहे ते हे, की ही गरज मान्य करावयास त्या खेळाला कित्येक वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेसबॉल उघड्या हातांनीच खेळला जात असे. त्या काळच्या खेळाडूंची बोटे वाकडी झालेली असत, सांधे सुजलेले असत, आणि ती वाकडी बोटे पौरुषाची खूण म्हणून मिरविली जात. १८७० साली सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्ज संघाचा कॅचर डग अ‍ॅलिसन याने दुखावलेल्या हाताच्या रक्षणासाठी हरणाच्या कातड्याचे मोजे वापरल्याची नोंद आहे. १८७५ साली चार्ल्स वेट नावाचा खेळाडू पहिल्या बेसवर उभा राहिला तो एक पातळ चामडी मोजा घालून. या मोज्याचा रंग मुद्दाम मानवी त्वचेसारखा निवडलेला होता. प्रेक्षकांना तो दिसू नये आणि कोणी आपल्याला नाजूक म्हणू नये, हा त्यामागील हेतू. आज जी वस्तू अभिमानाने खुंटीवर टांगली जाते, ती अशी लाजत लाजत, कातडीच्या रंगाआड लपून मैदानात आली.

ही लाज मोडली ती अल्बर्ट स्पाल्डिंग या नामवंत खेळाडूने. वेटचा मोजा त्याने स्वतः पाहिला होता आणि पुढे आपल्या पुस्तकात त्याचे वर्णनही केले. १८७७ साली शिकागोच्या संघातून पहिल्या बेसवर खेळताना त्याने उघडउघड काळा मोजा घातला. स्पाल्डिंग एवढा मोठा खेळाडू होता, की त्याला कोणी हसले नाही. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आदल्याच वर्षी, १८७६ मध्ये, त्याने क्रीडासाहित्याचा व्यवसाय सुरू केला होता. जो मोजा तो हातात घालीत होता, तोच विकण्यास तो मोकळा होता. धैर्य आणि व्यापार यांची अशी सांगड अमेरिकेच्या इतिहासात वारंवार आढळते. तथापि सारेच एकदम वश झाले असे नाही. सिनसिनाटीचा दुसऱ्या बेसवरचा ख्यातनाम खेळाडू बिड मॅक्फी १८९५ पर्यंत उघड्या हातांनीच खेळत राहिला. १८९६ साली बोटाच्या दुखापतीमुळे त्याने अखेर मोजा घातला आणि त्याच वर्षी त्याच्या क्षेत्ररक्षणाची सरासरी हजारात ९७८ एवढी, म्हणजे त्याच्या जागेवरील सर्वांच्या वर गेली. यानंतर वाद उरला नाही.

परंतु या काळातील मोजा ही केवळ ढाल होती. हाताला मार बसू नये म्हणून तळव्यावर भरण घातलेली एक जाड गादी, एवढेच त्याचे स्वरूप. चेंडू धरावयाचा तो बोटांनीच. मोज्याचे ढालीतून हत्यारात रूपांतर झाले ते पहिल्या महायुद्धानंतर. सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघातील बिल डोक या गोलंदाजाने आपल्याच शहरातील रॉलिंग्ज कंपनीपुढे १९१९ साली एक कल्पना मांडली. तोवर मोज्याचा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधे फार तर चामड्याची एक पट्टी शिवलेली असे. डोकने सुचविले, की या जागी चामड्याच्या वाद्या आडव्यातिडव्या ओवून जाळी विणावी, म्हणजे चेंडूला बसावयास तेथे नैसर्गिक खळगा तयार होईल. कल्पना साधी होती, पण तिने चेंडू धरण्याची जागाच तळव्यावरून उचलून अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या खोबणीत नेली. हा मोजा १९२० साली बाजारात आला, त्याचे पेटंट १९२२ साली मिळाले आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ तो विकला जात राहिला. डोकचे गोलंदाजीतील पराक्रम आज थोड्यांना ठाऊक असतील. त्याची जाळी मात्र आजच्या प्रत्येक मोज्यात आहे.

यानंतर मोज्याची रचना हे एक शास्त्रच बनले. रॉलिंग्ज कंपनीत १९२२ पासून १९६१ पर्यंत हॅरी लॅटिना हा कारागीर-संशोधक याच एका कामात गढलेला होता. त्याला लोक मोज्यांचा डॉक्टर म्हणत. बोटे एकमेकांना वाद्यांनी कशी जोडावी, मनगटाकडील बाजू किती जाड ठेवावी, खळगा किती खोल असावा, हे त्याचे चिंतनाचे विषय. १९५७ साली शिकागोच्या विल्सन कंपनीने ए-२००० नावाचा मोजा काढला. रुंद खळगा, मनगटाकडे कमी केलेले भरण, आणि मूठ मिटावी तसा मिटणारा आकार, ही त्याची वैशिष्ट्ये. आजचे मोजे बव्हंशी त्याच्याच वंशातले आहेत. दरम्यान नियमही बदलत होते. १८९५ सालीच कॅचर आणि पहिल्या बेसवरील खेळाडू सोडून इतरांच्या मोज्यांना आकाराची व वजनाची मर्यादा घालण्यात आली होती. एक गमतीची रूढी मात्र १९५४ पर्यंत टिकली. आपल्या संघाची फलंदाजी आली की क्षेत्ररक्षक आपले मोजे खुशाल मैदानातच टाकून जात, आणि परत आल्यावर ते जागचे उचलीत. त्या वर्षीच्या नियमाने ही मोकळीक संपली.

आता हा मोजा घडतो कसा, ते पाहावयास हवे. त्याचे आकर्षण समजून घेण्याची किल्ली तेथेच आहे.

प्रथम कातडे. चांगल्या मोज्यासाठी बहुधा बैलाचे किंवा गाईचे, काही वेळा म्हशीच्या वर्गातील जनावराचे, तर हलक्या मोज्यासाठी कांगारूचे कातडे वापरतात. ते कमावण्याची रीत अशी साधावी लागते, की चामडे इतके मऊ व्हावे की मूठ मिटेल, आणि इतके ताठर राहावे की आकार मोडणार नाही. या दोन परस्परविरोधी गुणांचा मेळ घालणे हेच कातडे कमावणाराचे कसब. शिकागो शहरातील हॉर्वीन हा १९०५ साली स्थापन झालेला कारखाना अशा कामासाठी नावाजलेला आहे. एके काळी शिकागोत कातडी कमावणारे अनेक कारखाने होते. आज तेथे टिकून राहिलेला हा जवळजवळ एकटाच.

चामडे कारखान्यात आले की ते प्रथम कापणाऱ्याच्या हाती जाते. त्याच्यापुढे पोलादी धारेचे साचे आणि एक दाबयंत्र असते. यंत्र दाब देते, पण साचा कोठे ठेवावयाचा हे माणूसच ठरवितो. जनावर जिवंत असताना काटेरी तारेने ओरखडा उठलेला असतो, किड्याने चावा घेतलेला असतो, मालकाने डागणी दिलेली असते. पोटाकडचे चामडे सैल असते आणि पाठीकडचे घट्ट. हे सारे डोळ्यांनी आणि बोटांनी जोखून, तळव्याचा भाग कोठून घ्यावा, बोटांचा कोठून, याचा निर्णय क्षणार्धात करावा लागतो. दोन कातडी कधीही सारखी नसतात, म्हणूनच हा निर्णय यंत्राकडे सोपविणे अवघड जाते.

मग शिवण. मोजा उलटा शिवतात, म्हणजे आतली बाजू बाहेर ठेवून. बोटांच्या शिवणीत चामड्याच्या अरुंद पट्ट्या घालतात, म्हणजे शिवण झिजत नाही. शिवणयंत्र चालविणाऱ्या बाईचे हात येथे वळणावळणांतून अशा सफाईने फिरतात, की पाहणाराला तो खेळ वाटावा. पण एक टाका चुकला तर संपूर्ण बोट वाकडे होते. शिवून झाल्यावर तो मोजा सुलटा करावयाचा. जाड चामड्याचे एकेक बोट आतून बाहेर ओढणे हे अंगमेहनतीचे काम आहे. त्यानंतर हाताच्या आकाराच्या तापलेल्या धातूच्या साच्यावर तो चढवून त्याच्या शिवणी बसवितात आणि सुरकुत्या काढतात. मग अस्तर, मग भरण, आणि शेवटी वाद्या ओवणे. कच्च्या चामड्याची काही फूट लांबीची वादी एका भोकातून दुसऱ्यात, बोटाबोटांतून, जाळीतून, मनगटाच्या कडेने ओवीत नेतात. ती फार आवळली तर मोजा मिटत नाही, आणि सैल राहिली तर चेंडू निसटतो. हा ताण मोजणारे उपकरण कारागिराच्या मनगटाखेरीज दुसरे नाही. सरतेशेवटी हातोडीने ठोकून तळव्यात खळग्याची पहिली खूण उमटविली जाते. असा एक मोजा पुरा होईपर्यंत तो चाळीसच्या आसपास निरनिराळ्या क्रियांतून जातो.

एवढे होऊनही तो पुरा झालेला नसतो. या वस्तूचे मर्म येथेच आहे. दुकानातून आणलेला उत्तम मोजा प्रथम फळीसारखा ताठ असतो. त्यात चेंडू ठरत नाही. कारागीर त्याला जेथवर आणून सोडतो, तेथून पुढचे काम मालकाने करावयाचे असते. अमेरिकन मुले यासाठी नाना उपाय करतात. कोणी गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढलेले तेल हलक्या हाताने चोळतात. कोणी खळग्यात चेंडू ठेवून मोजा दोरीने घट्ट बांधतात आणि रात्री गादीखाली ठेवून त्यावर झोपतात. पण खरा उपाय एकच, तो म्हणजे खेळणे. शेकडो वेळा चेंडू त्यात आदळल्यावर चामडे हळूहळू त्या हाताची ठेवण ओळखू लागते. घाम मुरतो, बोटांच्या जागी बोटांचे ठसे पडतात आणि खळगा त्या मुलाच्या चेंडू धरण्याच्या लकबीप्रमाणे खोल होतो. एका उन्हाळ्याने मोजा वापरण्याजोगा होतो, आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी तो त्याचाच होतो. मग दुसऱ्याने तो घातला तर त्याला तो अडतो, जसा दुसऱ्याचा जोडा अडावा.

याच कारणाने हा मोजा स्मृतींचा धारक होतो. जे. डी. सॅलिंजर या लेखकाच्या १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द कॅचर इन द राय' या कादंबरीत नायकाच्या मृत धाकट्या भावाचा एक मोजा येतो. खेळताना मधल्या रिकाम्या वेळात वाचावयास काही असावे म्हणून त्या मुलाने त्यावर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. भाऊ गेल्यावर नायक त्याच्याविषयी लिहावयास बसतो तेव्हा त्याला हा मोजाच आठवतो. अमेरिकन वाचकाला हे कृत्रिम वाटले नाही, कारण तेथील असंख्य घरांत माळ्यावरच्या पेटीत वडिलांचा किंवा आजोबांचा एखादा काळवंडलेला मोजा असतोच. त्यात हात घातला की आपल्या हाताहून निराळ्या हाताचा आकार जाणवतो.

मोज्याचे हे भावनिक मूल्य कायम असतानाच त्याच्या निर्मितीचे अर्थशास्त्र मात्र पालटून गेले. मोजा शिवणे हे माणसांच्या हातांचे काम असल्यामुळे त्याच्या किमतीत मजुरीचा वाटा मोठा असतो, आणि मजुरी जेथे स्वस्त तेथे असे धंदे ओढले जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून मोजे अमेरिकेत येऊ लागले आणि १९६० नंतर तो ओघ फार वाढला. जपानला हा खेळ परका नव्हता. १८७० नंतरच्या दशकातच तो तेथे पोहोचला होता, आणि ओसाका येथील मिझुनो ही क्रीडासाहित्याची कंपनी १९०६ पासून काम करीत होती. पुढे जपानमधील मजुरी वाढली तसे हे काम आशियातील अन्य देशांत सरकले. ज्या अमेरिकन कंपन्यांनी मोज्याचा शोध आणि विकास केला, त्यांनीच आपले बहुतेक काम परदेशात हलविले. रॉलिंग्जचे नामांकित मोजे आज फिलिपीन्समध्ये तयार होतात. ज्याला अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ म्हणतात, त्याचे हे सर्वांत जिव्हाळ्याचे साधन अमेरिकेत जवळजवळ बनेनासे झाले.

यास जो ठळक अपवाद राहिला, तो टेक्सास राज्याच्या उत्तर सीमेजवळ, रेड नदीपासून फार दूर नसलेल्या नोकोना या गावात. हे गाव १८८७ साली रेल्वेबरोबर वसले आणि कोमांची जमातीचा प्रमुख पेटा नोकोना याचे नाव त्याला मिळाले. वस्ती तीन हजारांच्या आसपास. भोवताली गुरांची कुरणे, आणि जवळून गुरांचे कळप उत्तरेकडे हाकीत नेण्याची जुनी वाट गेलेली. त्यामुळे चामड्याचे काम या गावाच्या अंगवळणी पडलेले होते. जस्टिन घराण्याचा घोडेस्वारांचे बूट करण्याचा प्रसिद्ध कारखाना याच गावी होता. १९२५ साली जस्टिन बंधूंनी तो फोर्ट वर्थ शहरी हलविला, तेव्हा त्यांची बहीण ईनिड जस्टिन हिने गाव सोडावयाचे नाकारले आणि तेथेच स्वतःचा बुटांचा कारखाना काढला.

पुढल्याच वर्षी, १९२६ साली, तेथे चामड्याची पाकिटे व बटवे करणारी एक कंपनी निघाली. थोड्याच वर्षांत मंदीचे दिवस आले. ज्यांच्या खिशात पैसाच नाही, ते पाकीट कशाला घेतील? कंपनीचे बॉब स्टोरी हे महाविद्यालयात बेसबॉल खेळलेले होते. १९३४ साली त्यांनी पाकिटांच्या जोडीला बेसबॉलचे मोजे करावयास घेतले. गावाचे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदता येत नव्हते, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधील एक अक्षर बदलून मोज्याला तेच नाव दिले गेले. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीने सैनिकांसाठी मोजे पुरविले. युद्धानंतर स्वस्त आयात सुरू झाली आणि एकेक अमेरिकन कंपनी परदेशाकडे वळू लागली, तेव्हा बाहेरचा माल आणून विकण्यापेक्षा धंदा बंद करून मासे धरीत बसेन, अशा अर्थाचे उद्गार स्टोरींनी काढल्याची आठवण त्यांच्या घराण्यात सांगितली जाते.

हा हट्ट पुरविणे सोपे नव्हते. व्यावसायिक खेळाडूंना आपले मोजे वापरण्यासाठी पैसे देण्याची ऐपत मोठ्या कंपन्यांना असते, तशी लहान कारखान्याला नसते. म्हणून दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या हातांत हे मोजे क्वचितच दिसले. शेजारचा बुटांचा कारखाना, जो एका बाईच्या निर्धारावर उभा राहिला होता, तो कालांतराने मोठ्या कंपनीत विलीन झाला आणि १९९९ साली त्याचे नोकोनातील काम बंद पडले. लहान गावात एक कारखाना बंद पडतो तेव्हा नुसती नोकरी जात नाही. त्या नोकरीसाठी हातांनी वीस-तीस वर्षे कमावलेले कसबही निरुपयोगी होते, आणि ते शिकावयास पुढची पिढी येत नाही. मोज्यांच्या कारखान्यापुढे हे उदाहरण अक्षरशः दारात होते. त्यानंतर जुलै २००६ मध्ये भीषण आग लागून तो कारखाना भस्मसात झाला. साचे, यंत्रे, चामडे सारे गेले. धंदा गुंडाळावयास किंवा बाहेर हलवावयास याहून सबळ निमित्त मिळाले नसते. पण काम पुन्हा उभे राहिले, आणि त्याच गावात. पुढे कंपनीची मालकी बदलली, तरी मोजे आजही नोकोनातच शिवले जातात.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. अमेरिकेत झाले म्हणून चांगले आणि बाहेर झाले म्हणून वाईट, असा निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून होणार नाही. जपानमध्ये मोजा घडविणारे कुशल कारागीर आहेत, आणि त्यांचे काम अमेरिकन खेळाडूही आदराने वापरतात. फिलिपीन्समधील कामगारही मोजा हातानेच उलटवितो आणि वादी हातानेच ओवतो. त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते, एवढाच भेद. शिवाय टेक्सासमध्ये शिवलेल्या मोज्यातील कांगारूचे चामडे मूळचे ऑस्ट्रेलियातील असते. हेही खरे, की काहीशे डॉलरांचा मोजा प्रत्येक बापाला परवडत नाही, आणि वीस-तीस डॉलरांच्या मोज्याने असंख्य गरीब मुलांना मैदानाचे दार उघडून दिले आहे. स्वस्त आयातीचे हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. आपल्या देशाचे नाव कोरले आहे म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्यांत राष्ट्राभिमानाचा, क्वचित नुसत्या मिरवण्याचाही अंश असतोच.

तो अंश वजा केला तरी काही शिल्लक उरते काय? उरते, आणि ते दोन गोष्टींत उरते. पहिली गोष्ट टिकाऊपणाची. उत्तम चामड्याचा मोजा झिजतो, पण सहसा फाटत नाही. वाद्या तुटतात, त्या पुन्हा ओवता येतात. अस्तर विरते, ते बदलता येते. ज्या कारखान्यात तो शिवला तेथेच तो दुरुस्तीसाठी पाठविता येतो, आणि मालकाच्या हाताची ठेवण न मोडता तो परत येतो. स्वस्त मोजा एका मुलाच्या वाढीबरोबर संपतो, तर हा एका पिढीकडून दुसरीकडे जाऊ शकतो. तेव्हा दहापट किमतीचा हिशेब केवळ खरेदीच्या दिवशी न करता तीस वर्षांनी केला, तर तो वेगळा निघतो.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. हा मोजा दोन माणसांनी मिळून घडविलेला असतो. एकाने चामडे जोखले, शिवले, वादीचा ताण साधला आणि काम जाणूनबुजून अर्ध्यावर सोडले. दुसऱ्याने उरलेले अर्धे काम आपल्या हाताने, आपल्या उन्हाळ्यांनी पुरे केले. यांची कधी भेट होत नाही. परंतु पहिल्याने घाई केली असेल तर दुसऱ्याचे श्रम वाया जातात. हलके चामडे तेल पितच राहते आणि शेवटी लोळागोळा होते. म्हणून जो मुलगा आपल्या मोज्यावर एवढी वर्षे घालविणार असतो, त्याला तो कोणी आणि कोठे केला हे विचारण्याचा अधिकार पोहोचतो. ज्या गावाचे नाव मोज्यावर आहे त्या गावीच तो शिवला जातो, एवढे जरी त्याला ठाऊक असले, तरी वस्तू आणि माणूस यांमधील तो धागा तुटत नाही. मोठ्या व्यापारात दुर्मीळ होत चालला आहे तो हाच धागा, आणि जादा किंमत बव्हंशी त्याचीच असते.

कोणताही हस्तव्यवसाय केवळ दयेवर किंवा आठवणींवर जगत नाही. त्याच्या वस्तूत असे काही असावे लागते, जे विकत घेणाराला स्वतःच्या उपयोगात जाणवेल. बेसबॉलच्या मोज्याला ही परीक्षा रोज द्यावी लागते, कारण ताशी शंभर मैलांच्या आसपास वेगाने येणारा चेंडू कारागिराच्या देशाची चौकशी करीत नाही. त्या परीक्षेत उतरल्यानंतरच त्याच्याविषयीच्या ममत्वाला अर्थ येतो. दीडशे वर्षांपूर्वी एक खेळाडू आपला मोजा कोणाला दिसू नये म्हणून कातडीच्या रंगाचा निवडीत होता. आज नोकोनातील कामगार संध्याकाळी हात धुतो, तेव्हा त्याच्या बोटांना चामड्याच्या तेलाचा वास येत असतो. आणि तेथून शेकडो मैलांवर एखादा मुलगा नवा ताठ मोजा दोरीने बांधून, मधे चेंडू ठेवून, गादीखाली सरकवीत असतो. त्या मोज्याचे उरलेले काम आता त्याच्याकडे आले आहे.